तेजोमेघातून उडणारे व्हिडिओ: खरं किती, रचलेलं किती?

रात्रपाळी

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, पण फॅमिली ग्रुपवर जुंपली म्हणून धागा काढतोय. नासाचा पिलर्स ऑफ क्रिएशनचा तो थ्रीडी व्हिडिओ बघितला असेल बऱ्याच जणांनी, २०२४ च्या जूनमध्ये आलेला. कॅमेरा त्या धुळीच्या खांबांच्या मधून आत शिरतो आणि मध्येच हबल दुर्बिणीचं दृश्य विरघळून जेम्स वेब दुर्बिणीचं होतं. रविवारी टीव्हीवर लावला तर आमचे मेहुणे पहिल्या मिनिटालाच म्हणाले की हे सगळं कॉम्प्युटरवर बनवलेलं आहे, तिथे गेलंय कोण. मी म्हटलं दुर्बिणीचे खरे फोटो आहेत, तर म्हणे मग कॅमेरा खांबाच्या मागे कसा गेला? आता याला काय उत्तर देणार. त्यात आठवीतल्या कन्येने विचारलं की बाबा, कॅमेरा किती स्पीडने चाललाय?

थोडं वाचून एवढं कळलं की हे खांब गरुड तेजोमेघात म्हणजे एम१६ मध्ये आहेत, साधारण ६,५०० प्रकाशवर्षं लांब. म्हणजे मागे जाऊन बघणं वगैरे विसराच. दुसरीकडे वांगणीला खगोल मंडळाच्या रात्रीच्या कार्यक्रमात मृगातला तेजोमेघ दुर्बिणीतून पाहिलाय, तिथे ना गुलाबी ना जांभळा, एक राखाडी धुरकट डाग दिसला (तरी अंगावर काटा आला ती गोष्ट वेगळी). तर प्रश्न असा की डाग ते फोटो आणि फोटो ते व्हिडिओ या दोन पायऱ्यांमध्ये नक्की काय काय घातलं जातं? जाणकारांनी प्रकाश टाकावा. मेहुण्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाहीये असं मला आतून वाटतंय, ते त्यांना सांगणार नाही.

भुजंगधारी

चांगला धागा. फोटोबद्दल आधी बोलतो, व्हिडिओचं नंतर टंकतो.

हबल काय आणि वेब काय, दोघांचे कॅमेरे ब्लॅक अँड व्हाइटच. प्रत्येक वेळी समोर एक फिल्टर येतो आणि त्या फिल्टरमधून जेवढा प्रकाश आला तेवढ्याचं करड्या छटांमधलं चित्र मिळतं. खांबांचा पहिला गाजलेला फोटो १ एप्रिल १९९५ चा, जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन यांनी हबलवरून घेतलेला. तीन फिल्टर होते: सल्फर, हायड्रोजन आणि ऑक्सिजन. सल्फरला लाल दिला, हायड्रोजनला हिरवा, ऑक्सिजनला निळा आणि तिन्ही एकावर एक ठेवले. यालाच आता सगळे हबल पॅलेट म्हणतात.

आता गंमत बघा. प्रत्येक वायू ठरावीक रंगाचा प्रकाश सोडतो, त्याला त्याची रेघ म्हणतात. हायड्रोजनची ती रेघ ६५६ नॅनोमीटरला आणि सल्फरची ६७२ च्या आसपास, म्हणजे डोळ्याच्या हिशोबाने दोन्ही लालच. खऱ्या रंगात ठेवलं असतं तर दोन्ही एकमेकांत मिसळून सगळीकडे एकच तांबूस रंग झाला असता आणि कुठला वायू कुठे आहे ते कळलंच नसतं. मुद्दाम वेगळे रंग दिले म्हणून खांबाच्या कडेला सल्फर कुठे, मोकळ्या जागेत ऑक्सिजन कुठे हे दिसतं. म्हणून याला खोटे रंग म्हणायला माझा जोरदार विरोध आहे, हे नकाशातले रंग आहेत. मनाला येईल तसे फासलेले नाहीत.

वेबचं अजून वेगळं. ते इन्फ्रारेडमध्ये बघतं, आपल्या डोळ्याला तो प्रकाश दिसतच नाही, त्यामुळे खरा रंग हा प्रश्नच उद्भवत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या खांबांच्या फोटोत ०.९ ते ४.७ मायक्रॉनपर्यंतचे सहा फिल्टर होते, त्यात सगळ्यात आखूड तरंगलांबीला जांभळ्या-निळ्याकडचा रंग आणि सगळ्यात लांबीला लाल, असा चढता क्रम. खांबांच्या टोकाशी ते निखाऱ्यासारखं लालभडक दिसतं ना, तिथे आत अजून घडत असलेले तारे आहेत, जेमतेम काही लाख वर्षं वयाचे, त्यांच्या झोतांनी तापलेला हायड्रोजन आहे तो.

जाता जाता, १९९५ च्या फोटोचा वरचा उजवा कोपरा जिन्यासारखा कापलेला का आहे हे किती जणांना माहितीय? त्या कॅमेऱ्यात चार डिटेक्टर होते, त्यातला एक जास्त झूमचा. इतरांच्या मापात आणायला त्याचं चित्र लहान करावं लागलं आणि कोपरा रिकामा राहिला. तो त्यांनी काळाच ठेवला, भरून काढला नाही. मेहुण्यांना हे आवर्जून दाखवा.

संत्रा_बर्फी

म्हणजे भाऊ, एवढं लंबंचवडं सांगून शेवटी रंग तर तुम्हीच भरले न. मेहुणे जिंकले, विषय संपला. 😄 (हलके घ्या)

चहाबाज

वाचतोय. वाचनखूण साठवली. पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत).

अमावास्या

@रात्रपाळी, त्या राखाडी डागाबद्दल मी बोलते कारण माझा सगळा वेळ आयपीसशीच (दुर्बिणीचं डोळा लावायचं भिंग) जातो, फोटो काढत नाही.

अंधारात आपल्या डोळ्यातल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही, फक्त उजेड कमी की जास्त एवढं कळतं. रंग ओळखणाऱ्या पेशींना जितका प्रकाश लागतो तितका बहुतेक तेजोमेघांकडून येतच नाही. मृगातला म्हणजे एम४२ हा त्यातल्या त्यात दांडगा, साधारण १,३५० प्रकाशवर्षांवर, चांगल्या आकाशात नुसत्या डोळ्यांनी पण अंधुक दिसतो. आठ इंची दुर्बिणीतून आणि खरोखर काळोख्या जागी बघितलात तर करड्यात किंचित हिरवट झाक दिसते. ती भास नाही. ऑक्सिजनची रेघ ५०१ नॅनोमीटरला पडते आणि अंधारातला डोळा तिथेच सगळ्यात तरबेज असतो. तांबड्याला मात्र तो जवळजवळ आंधळा, म्हणून फोटोत गुलाबी दिसणारा हायड्रोजन आयपीसमध्ये गायब.

आणि प्लीज, बघायची पण पद्धत असते हो. लोक रांगेत उभे असताना मोबाइलवर रील बघतात, मग आयपीसला डोळा लावतात आणि दोन सेकंदात "काहीच नाही दिसत" म्हणून बाजूला होतात. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या एका झळीने सगळं पाण्यात जातं. मग सरळ न बघता जरा बाजूला नजर ठेवायची, डाग आपोआप मोठा होतो, पंखांसारखे दोन पदर बाहेर येतात. मधोमध ट्रॅपेझियमचे चार तारे चिकटून दिसतात, त्यातला सगळ्यात तेजस्वी जो आहे त्याच्या अतिनील किरणांवरच हा अख्खा तेजोमेघ पेटलाय. मी तर नवीन माणसाला आधी ते चार मोजायला लावते, तेवढ्या वेळात डोळा स्थिरावतो आणि मग आजूबाजूचं दिसायला लागतं.

बाकी संत्रा_बर्फी, तुमच्या जिल्ह्यात पेंचसारखं आकाश असताना तुम्ही इथे बसून मेहुण्यांची वकिली करताय, कमाल आहे.

गणिताचा_मास्तर

कन्येच्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण धाग्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तिचाच आहे.

मोठा खांब चारेक प्रकाशवर्षं उंच. समजा कॅमेऱ्याने ते अंतर एका मिनिटात कापलं. प्रकाशाला त्याला चार वर्षं लागतात. वर्षाची मिनिटं ५ लाख २५ हजार ६००, गुणिले चार म्हणजे अंदाजे २१ लाख. तर कॅमेरा प्रकाशाच्या २१ लाख पट वेगाने चाललाय. तिला म्हणावं व्हिडिओला स्टॉपवॉच लाव आणि स्वतः काढून बघ, आकडा थोडाफार बदलेल. तेव्हा व्हिडिओतली पहिली अशक्य गोष्ट म्हणजे वेग.

पण माझ्या मते खरी गोम दुसरीकडेच आहे आणि ती फारसं कुणी सांगत नाही. समजा जादूने यानात बसून आपण एम४२ च्या अगदी तोंडाशी गेलो. लोकांना वाटतं की जवळ गेल्यावर तो झगझगीत दिसेल, व्हिडिओत दिसतो तसा रंगीबेरंगी. नाही दिसणार! अंतर निम्मं केलं की तुमच्या डोळ्यात येणारा एकूण प्रकाश चौपट होतो हे बरोबर, पण तेजोमेघ आकाशात चौपट जागा पण व्यापतो. चौपट प्रकाश चौपट जागेत पसरला, म्हणजे आकाशाच्या तेवढ्याच तुकड्याची उजळी होती तेवढीच राहिली. पार आत गेलात तरी तेच. दुर्बिणीतून जेवढा फिका दिसला होता त्याच्या आसपासच, फक्त आता सगळं आकाशभर. हा नियम ठिपक्यासारख्या ताऱ्याला लागू नाही, पसरट वस्तूला लागू आहे. पटत नसेल तर आकाशगंगेकडे बघा, आपण तिच्या आतच बसलोय की, तरी काळोख्या रात्री एक दुधाळ पट्टा दिसतो आणि पुण्या-मुंबईत तोही नाही.

त्यात वायू किती विरळ. एम४२ च्या दाट भागात एका घनसेंटिमीटरला दहा हजारांच्या घरात कण, आपल्या हवेत तेवढ्याच जागेत २५ वर १८ शून्यं. प्रयोगशाळेत ज्याला उत्तम निर्वात म्हणतात त्यातही याहून जास्त कण असतात. त्यामुळे ढगातून विमान जातं तसं यान वायूच्या भिंतीत घुसलं वगैरे काही जाणवणार नाही. तो आपल्याला भरगच्च दिसतो कारण त्याची जाडी काही प्रकाशवर्षं आहे, एवढ्या जाडीत विरळसुद्धा साठून दिसतं.

तेव्हा व्हिडिओत जे दिसतं ते "तिथे गेलो तर असं दिसेल" असं नाही. कॅमेऱ्याने तासन्‌तास साठवलेला प्रकाश घेऊन कुणी तिथे गेलं तर, असं म्हणा फार तर.

रात्रपाळी

मास्तर, दंडवत! जवळ गेलं तरी उजळ होत नाही हे पहिल्यांदाच कळलं, तीनदा वाचलं तेव्हा डोक्यात शिरलं. पण मूळ प्रश्न अजून तसाच आहे: खांबाची मागची बाजू आली कुठून? भुजंगधारी, टंकाळा आला का?

भुजंगधारी

ऑफिस आहे हो आम्हाला. घ्या आता.

खोली कळायची साधी युक्ती म्हणजे दोन वेगळ्या जागांवरून बघणं. पृथ्वी सूर्याभोवती फिरते त्यामुळे सहा महिन्यांनी आपण दुसऱ्या जागी असतो, तेवढ्याने जवळचे तारे किंचित सरकलेले दिसतात आणि त्यावरून अंतर निघतं. युरोपच्या गाया यानाने हेच केलं, जानेवारी २०२५ मध्ये निरीक्षणं थांबेपर्यंत. व्हिडिओतल्या ताऱ्यांना मागे-पुढे लावायला अशी मोजमापं कामी येतात. पण वायूचं काय? वायू काही ठिपका नाही सरकलेला मोजायला.

तिथे वर्णपट लागतो, म्हणजे प्रकाश रंगारंगांत फोडून मिळणारा पट्टा. चिलीमधल्या व्हीएलटी दुर्बिणीवर म्यूझ नावाचं उपकरण आहे, ते चित्राच्या प्रत्येक पिक्सेलचा वर्णपट घेतं. २०१५ मध्ये ॲना मॅकलिऑड आणि सहकाऱ्यांनी त्याने हे खांब पाहिले. वायू आपल्याकडे येतोय की लांब जातोय हे रेघ किती सरकली त्यावरून कळतं, आणि कुठली कड ताऱ्यांच्या प्रकाशात उजळलीय, कुठली सावलीत आहे त्यावरून तो भाग ताऱ्यांच्या अलीकडे की पलीकडे ते कळतं. निष्कर्ष असा की फोटोत शेजारी शेजारी उभे दिसणारे हे खांब एका रांगेत नाहीतच. वेगवेगळे तुकडे आहेत, त्यांना भाजून काढणाऱ्या तारकागुच्छाच्या काही अलीकडे, काही पलीकडे. २०२४ चा व्हिडिओ या अभ्यासावर बेतलाय, बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमध्ये फ्रँक समर्स यांच्या टीमने केलेला. म्हणजे कुठला खांब पुढे, कुठला मागे, कुठला कुणीकडे झुकलाय हे मोजमापातून आलेलं आहे.

बाकीचं मात्र घडवलेलं. आधी फोटोतून तारे वेगळे काढतात, राहिलेल्या वायूच्या चित्राला मागून आकार देतात, फुगवटे-खळगे बसवतात, त्यावर फोटो चढवतात, मग तारे परत पेरतात. मागची बाजू गणपतीच्या मूर्तीच्या पाठीसारखी, घडवणाऱ्याने अंगकाठीवरून अंदाज बांधून केलेली, आणि म्हणूनच बारकाईने बघितलंत तर कॅमेरा कधी पूर्ण वळसा घालून मागून नीट उभा राहत नाही, आत शिरतो, थोडा वळतो आणि पुढे निघून जातो. ज्या बाजूची माहिती आहे तीच तुम्हाला जास्तीत जास्त वेळ दाखवतात.

मृगाच्या बाबतीत तर हा प्रकार बराच जुना. १९९५ मध्ये वेन आणि ओडेल यांनी एम४२ च्या चमकणाऱ्या पृष्ठभागाचा थ्रीडी आराखडा केला होता, कुठे किती उजेड आहे त्यावरून तिथला पृष्ठभाग ट्रॅपेझियमपासून किती लांब असेल ते काढून. त्यातून कळलं की समोरून जो फुगीर ढग वाटतो तो प्रत्यक्षात एक दरी आहे, मोठ्या थंड ढगाच्या आपल्या बाजूला ताऱ्यांनी कोरलेली. जानेवारी २०१८ मध्ये हबल आणि स्पिट्झर (इन्फ्रारेड दुर्बीण) मिळून एम४२ चा उडता व्हिडिओ आला त्यातही कॅमेरा त्या दरीतच उतरतो. वैयक्तिक मत: तो खांबांच्या व्हिडिओपेक्षा सरस आहे, कारण त्याच्या पाठीशी माहिती जास्त आहे.

ठोकळेबाज

थ्रीडीवरून आठवलं म्हणून लिहितो. या व्हिडिओबरोबर त्यांनी खांबांची थ्रीडी प्रिंटची फाइल पण फुकट दिलीय. मी हौस म्हणून घरच्या प्रिंटरवर काढली, रात्रभर चालू होतं. आणि भुजंगधारी म्हणतात ते हातात घेतल्यावर एका क्षणात कळतं: समोरून धरलं तर अगदी फोटोतल्यासारखं, जरा बोटाने फिरवलं की ओळखूच येत नाही, एक तुकडा एकीकडे, दुसरा भलतीकडे.

आमच्या इथल्या अंध मुलांच्या शाळेत एक प्रत नेऊन दिली. एका मुलीने टोकापासून खाली बोटं फिरवली, मग दोन तुकड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत बोट घातलं आणि विचारलं "इथे काय असतं?" मी म्हटलं जवळजवळ काहीच नाही. तर म्हणे मग हे उभं कशावर आहे? 😅 मला वर-खाली काही नसतं हे समजावताना घाम फुटला. डोळस लोकांना फोटो बघून हा प्रश्न पडतच नाही, कारण फोटोलाच आपण वर आणि खाली ठरवून टाकलेलं असतं.

त्यांना चंद्रा दुर्बिणीवाल्यांनी केलेलं खांबांचं ध्वनिरूप पण ऐकवलं. चित्र डावीकडून उजवीकडे वाचत जातात आणि एखादी गोष्ट जितकी वर तितका सूर उंच. ते अंतराळातले आवाज नव्हेत हे आधी सांगायला लागतं. मुलांना आवडलं, मला स्वतःला फार नाही.

संत्रा_बर्फी

ते उभं कशावर आहे हा प्रश्न लय भारी. पोरीला सलाम. मेहुण्यांची वकिली मागे घेतो, निदान अर्धी.

अमावास्या

+१. आता माझी तक्रार. खांबांचा व्हिडिओ बनवणारे स्वतःच सांगतात की हे दृश्यरूप आहे, कुठल्या अभ्यासावर आहे, कुठला भाग हबलचा, कुठला वेबचा. तिथवर ठीक. पण तोच व्हिडिओ कुणीतरी उचलतो, खाली घुमणारं संगीत टाकतो, वर "नासाने टिपलेलं थेट दृश्य" असं लिहितो आणि तोच आपल्या फॅमिली ग्रुपवर येतो. आता तर एआयने केलेले तेजोमेघ पण फिरतात, ज्यांना नाव नाही, नंबर नाही. मेहुण्यांसारख्या माणसाचा विश्वास या लोकांनी उडवलाय, त्यांना दोष देऊन काय उपयोग.

बघायला सोपी खूण म्हणजे तेजस्वी ताऱ्यांचे काटे. हबलच्या फोटोत चार असतात. वेबच्या फोटोत सहा मोठे आणि आडवे दोन छोटे, कारण तिचा आरसा षटकोनी तुकड्यांचा आहे आणि पुढच्या आधाराच्या दांड्या आहेत. एकाच चित्रात एका ताऱ्याला चार, शेजारच्याला पाच आणि तिसऱ्याला सात काटे असतील तर सरळ डिलीट मारा. आणि चित्राखाली तेजोमेघाचं नाव, दुर्बीण, फिल्टर यातलं काहीच नसेल तर मी पुढे पाठवत नाही, मग कितीही सुंदर असो.

जुनी_प्लेट

सगळे कॅमेरा हलवायचं बोलताय, पण तेजोमेघ स्वतः हलतात त्याचं काय? तेही टिपलेलं आहे आणि त्यात काहीही रचलेलं नाही, फक्त धीर धरावा लागतो.

खेकडा तेजोमेघ, एम१ घ्या. १०५४ साली चिनी लोकांनी नोंदवलेल्या स्फोटाचे अवशेष. १९२१ मध्ये जॉन डंकन यांनी माउंट विल्सन वेधशाळेच्या, सुमारे बारा वर्षांच्या अंतराने काढलेल्या फोटोंच्या दोन काचेच्या प्लेट्स ताडून बघितल्या आणि वायूचे धागे बाहेर सरकलेत हे दाखवलं. वेग सेकंदाला साधारण दीड हजार किलोमीटर. आज हौशी लोक पण आपापल्या छोट्या दुर्बिणीने दहा वर्षांच्या अंतराने फोटो काढून हे हलतं करतात.

दुसरं, पॅट्रिक हार्टिगन यांच्या गटाने हबलचे १४ वर्षांतले फोटो जोडून २०११ मध्ये केलेल्या फिल्म्स. नुकत्याच जन्मलेल्या ताऱ्यांमधून सुटणारे झोत, पुढे पळताना, एकमेकांवर आदळताना चक्क दिसतात. पडद्यावर काही सेकंदच, पण खरी हालचाल. मला तरी कुठल्याही उडत्या व्हिडिओपेक्षा ते बघताना जास्त धडधडतं.

आणि खांबांमध्येसुद्धा आहे बरं का! हबलने २०१४ मध्ये तेच दृश्य नव्या कॅमेऱ्याने परत घेतलं. १९९५ च्या फोटोशी ताडलं तर एका बारीक झोताचं टोक १९ वर्षांत जवळपास १० हजार कोटी किलोमीटर पुढे गेलेलं दिसलं. एवढं मोठं अंतर, आणि फोटोत मात्र जेमतेम कळेल न कळेल असा फरक.

एक फसवं उदाहरण पण देतो, व्ही८३८ मोनोसेरोटिस. २००२ मध्ये तारा अचानक भडकला आणि पुढची काही वर्षं हबलच्या फोटोंमध्ये त्याच्याभोवतीचा धुळीचा गोळा फुगत गेलेला दिसतो. ती फिल्म लावली की सगळे म्हणतात स्फोट झाला, धूळ उडाली. धूळ आधीपासून तिथेच होती आणि जागची हललीही नाही! फक्त ताऱ्याचा उजेड एकेका थरापर्यंत पोचत गेला आणि तो थर दिसायला लागला. फोटो शंभर टक्के खरे, आणि तरी बघणारा चुकीचा अर्थ काढतो. तेव्हा फक्त रचलेल्या व्हिडिओलाच नावं ठेवू नका.

चहाबाज

व्ही८३८ आत्ता बघितलं. बाप रे. चहा थंड झाला.

संत्रा_बर्फी

पण मी असं ऐकलं होतं का हे खांब आता उरलेच नाहीत म्हणे? सहा हजार वर्षांपूर्वीच उडाले, आपल्याला उजेड उशिरा येतो म्हणून दिसून राहिले. हे फॉरवर्ड तर दर वर्षी येते.

भुजंगधारी

ते २००७ मधलं आहे. स्पिट्झरला तिथे गरम धूळ दिसली, त्यावरून निकोला फ्लाजे आणि सहकाऱ्यांनी अंदाज मांडला की जवळच एक सुपरनोव्हा (मोठ्या ताऱ्याचा स्फोट) झाला असेल आणि त्याच्या धक्क्याने खांब मोडले असतील. बातमी झकास होती त्यामुळे पसरली. पण धूळ तापायला तिथल्या मोठ्या ताऱ्यांचे वारे पुरेसे आहेत असं बाकीच्यांनी दाखवलं, सुपरनोव्हाच्या बाकी खुणा काही सापडल्या नाहीत. मॅकलिऑड यांच्या हिशोबाने खांब दर दहा लाख वर्षांना ७० सूर्यांएवढं वस्तुमान गमावतायत, त्या दराने अजून ३० लाख वर्षं तरी पुरतील. खुशाल बघा.

दक्षिणवारी

मेलबर्नहून सलाम. तुम्ही सगळे एम१६ आणि मृगात अडकलात, करिना तेजोमेघाला विसरलात! वेबच्या १२ जुलै २०२२ च्या पहिल्या फोटोंमधले ते तपकिरी कडे-कपारी आठवतात ना, ते त्याच भागातले. इथे तो तेजोमेघ डोक्यावर येतो आणि नुसत्या डोळ्यांनी दिसतो, मृगातल्यापेक्षा आकाराने मोठा. पण महाराष्ट्रातून पण दिसतो हे फार लोकांना माहीत नसतं. पुण्यातून क्षितिजापासून जास्तीत जास्त १२ अंश वर येतो, गोव्यात १५ च्या आसपास. एप्रिलमध्ये रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला बघायचं. माझ्या आजोळी देवगडजवळ कड्यावरून, समोर समुद्रच समुद्र असताना, साध्या दहा बाय पन्नासच्या बायनॉक्युलरने मस्त दिसला होता. मासेमारीचे दिवे त्या दिशेला नसले म्हणजे झालं.

रात्रपाळी

मंडळी, अपेक्षेपेक्षा फारच जास्त मिळालं. कन्येने स्टॉपवॉच लावून १८ लाख पट असं उत्तर काढलंय, मास्तरांनी गृहपाठ तपासावा. मेहुण्यांना जिन्यासारखा कापलेला कोपरा दाखवला. त्यावर "हं" एवढंच म्हणाले, म्हणजे बरंच झालं.

आता पुढचा प्रश्न. हे आपण स्वतः करून बघू शकतो का? ब्लॅक अँड व्हाइट मूळ फोटो घेऊन रंग देण्यापासून? घरी साधा लॅपटॉप आहे, दुर्बीण नाही.

गणिताचा_मास्तर

१८ लाख चालेल. तिने खांबाची उंची किती धरली ते विचारा, मी चार धरली होती. पद्धत बरोबर असली की पैकीच्या पैकी.

भुजंगधारी

करू शकता, आणि एक पैसा लागत नाही. हबल आणि वेबचा डेटा मास्ट नावाच्या अर्काइव्हमध्ये सगळ्यांना खुला आहे (नवी निरीक्षणं काही महिने ज्यांनी घेतली त्यांच्यासाठी राखीव असतात, मग खुली होतात). फिट्स नावाच्या फॉरमॅटमधल्या फाइल्स असतात. सिरिल सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात उघडा. पहिल्यांदा उघडली की स्क्रीन जवळपास काळी दिसेल, चार-दोन ठिपके फक्त, घाबरू नका, फाइल खराब नाहीये. मोबाइलच्या फोटोत उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात, इथे हजारो, आणि तेजोमेघ त्यातल्या तळाच्या थोड्याशा पायऱ्यांमध्ये दबून बसलेला असतो. तो वर खेचायचा, याला स्ट्रेच म्हणतात. स्लायडर हळूहळू सरकवताना काळ्यातून खांब वर येतात तो क्षण चुकवू नका, कन्येला शेजारी बसवा. तिथेच कळतं की निर्णय कुठे कुठे घेतले जातात: किती खेचायचं, काळं कुठे ठेवायचं, कुठल्या फिल्टरला कुठला रंग. दोन जणांनी एकाच फाइलवरून केलेले फोटो कधीच सारखे येत नाहीत.

सुरुवात हबलच्या तीन फिल्टरच्या फाइल्सनी करा, वेबच्या अवाढव्य असतात, साधा लॅपटॉप मान टाकेल. आधी मधला तुकडा कापून घ्या आणि मग खेळा. नंतर हौस वाढली तर तोच फोटो ब्लेंडर नावाच्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये नेऊन तारे एका थरावर, वायू दुसऱ्या थरावर ठेवून कॅमेरा जरासा हलवला तरी आत गेल्याचा भास होतो.

अमावास्या

आणि हे सगळं करत असताना डिसेंबर-जानेवारीत एकदा बाहेर पडाच. एम१६ च्या नादी लागू नका, तो रात्री डोक्यावर असतो ते दिवस नेमके आपल्या पावसाचे, नाहीतर एप्रिल-मेमध्ये पहाटे उठावं लागतं. मृग मात्र थंडीत संध्याकाळपासून हजर. मुंबईकर असाल तर खगोल मंडळ, पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था, १९४४ पासून आहे, त्यांचे कार्यक्रम असतात. नागपूरकडचे लोक पेंचला जाऊ शकतात, जानेवारी २०२४ मध्ये त्याला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळालीय.

संत्रा_बर्फी

पेंचला कोणी येणार असेल तर सांगा, गाडी माझी. पण स्वेटर, कानटोपी आणा बरं, जानेवारीत तिथं कुडकुडायला होते. आणि मेहुण्यांना सोबत आणा.

रात्रपाळी

मेहुण्यांना विचारलं. म्हणाले येईन, पण आयपीसमधून मीच पहिला बघणार. सिरिल डाउनलोडला लावलंय. हबलच्या तीन फाइल्स उघडल्या, दोन नीट जुळतायत, तिसरी किंचित तिरकी बसतेय. यावर काय करायचं?

भुजंगधारी

रजिस्ट्रेशनचा टॅब बघा, त्यात ताऱ्यांवरून जुळवायचा पर्याय आहे. तिन्ही एकाच सिक्वेन्समध्ये घ्या आणि हायड्रोजनवाली संदर्भ म्हणून ठेवा. तरी नाही जमलं तर स्क्रीनशॉट इथेच टाका.